सत्येंद्रनाथ बोस : एका मोजणीचा एकाहत्तर वर्षांचा प्रवास

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी बोल्डर नावाचे टुमदार शहर आहे. कोलोरॅडो विद्यापीठ आणि अमेरिकेची राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्था यांच्या तेथील संयुक्त प्रयोगशाळेत ५ जून १९९५ रोजी संगणकाच्या पडद्यावर एक टोकदार शिखर उमटले. एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन या दोन शास्त्रज्ञांनी रुबिडियम या धातूचे सुमारे दोन हजार अणू निरपेक्ष शून्याच्या इतके जवळ नेले होते की, त्या अणूंनी आपापले वेगळेपण टाकून दिले आणि ते सारे जणू एकच महाअणू असल्यासारखे वागू लागले. घन, द्रव, वायू आणि आयनद्रायू यांच्या पंगतीत पदार्थाची आणखी एक अवस्था येऊन बसली. या अवस्थेला जे नाव आहे, त्यातील पहिला शब्द एका बंगाली प्राध्यापकाचा आहे : बोस.

त्या दिवशी सत्येंद्रनाथ बोस हयात नव्हते. कलकत्त्यात त्यांचे निधन होऊन एकवीस वर्षे लोटली होती. ज्या मोजणीतून हे सारे निघाले, ती त्यांनी ढाक्यात केली, त्यालाही एकाहत्तर वर्षे झाली होती. त्या मोजणीसाठी त्यांना ना प्रयोगशाळा लागली होती, ना यंत्रसामग्री. वर्गात शिकवताना मनाला टोचणारी एक विसंगती आणि ती दूर करण्याचा हट्ट एवढेच त्यांचे भांडवल होते.

गोआबागानातील बालपण

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात झाला. घराण्याचे मूळ गाव नदिया जिल्ह्यातील बडा जागुलिया. वडील सुरेंद्रनाथ रेल्वेच्या सेवेत होते. आई आमोदिनीदेवी. सात भावंडांत सत्येंद्र सर्वांत थोरला आणि एकुलता मुलगा. त्याच्या पाठीवर सहा बहिणी. उत्तर कलकत्त्यातील गोआबागान भागात ईश्वर मिल लेनमध्ये कुटुंबाचे घर होते. मुलाची दृष्टी लहानपणापासून अधू होती, पण स्मरणशक्ती आणि गणिताची गती विलक्षण. हिंदू स्कूलमधील गणिताच्या शिक्षकांनी त्याला एकदा शंभरपैकी एकशे दहा गुण दिल्याची आठवण बंगालमध्ये आजही सांगितली जाते. एकेका उदाहरणाची उत्तरे त्याने एकाहून अधिक रीतींनी काढली होती, हे त्यामागचे कारण.

पुढे प्रेसिडेन्सी महाविद्यालयात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू लाभले. वर्गमित्रही तोलामोलाचे होते. त्यांतील मेघनाद साहा यांनी पुढे ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे उलगडून जगभर नाव मिळविले. १९१३ च्या बी.एस्सी. आणि १९१५ च्या एम.एस्सी. परीक्षेत पहिला क्रमांक सत्येंद्रांचा आणि दुसरा साहांचा. दरम्यान १९१४ मध्ये उषावती घोष यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो काळ वंगभंगानंतरच्या अस्वस्थतेचा होता. श्रमिकांसाठी चालणाऱ्या रात्रशाळेत हा तरुण शिकवायला जात असे. ज्ञान मूठभरांच्या घरात अडकून राहता कामा नये, ही भावना त्याच्या मनात तेव्हापासूनच रुजली आणि अखेरपर्यंत टिकली.

एम.एस्सी.ला अव्वल येऊनही मनाजोगती नोकरी मिळणे सोपे नव्हते. अखेर कलकत्ता विद्यापीठाचे धडाडीचे माजी कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांनी नव्या विज्ञान महाविद्यालयात बोस आणि साहा या दोघांना बोलावून घेतले. आधुनिक भौतिकशास्त्र शिकवायचे तर ते आधी स्वतः शिकणे भाग होते. शिकविणारे कोणी नव्हते आणि पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील ग्रंथ दुर्मीळ झाले होते. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील ब्रूल नावाच्या युरोपीय अध्यापकांच्या संग्रहातून काही जर्मन पुस्तके मिळाली. ती वाचण्यासाठी दोघा मित्रांनी जर्मन भाषा आत्मसात केली. त्यातूनच सापेक्षतेवरील आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या मूळ निबंधांचा त्यांनी इंग्रजीत अनुवाद केला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रस्तावनेसह कलकत्ता विद्यापीठाने तो १९२० मध्ये प्रसिद्ध केला. सापेक्षतेच्या मूळ लेखनाच्या जगातील पहिल्या इंग्रजी अनुवादांत त्याची गणना होते.

ढाक्यातील कोडे

१९२१ मध्ये ढाका विद्यापीठ सुरू झाले आणि बोस तेथे भौतिकशास्त्राचे प्रपाठक म्हणून रुजू झाले. त्यांचे वय होते सत्तावीस. कर्झन हॉलच्या लाल इमारतीत विज्ञानाचे वर्ग भरत. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना प्लँक यांचा प्रारणाचा नियम शिकवताना बोस वारंवार अडत. तापलेल्या वस्तूतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती प्रमाणात बाहेर पडतो, हे सांगणारे सूत्र माक्स प्लँक यांनी १९०० मध्ये मांडले होते. सूत्र प्रयोगाशी तंतोतंत जुळत होते. मात्र त्याच्या सिद्धतेत एक पाय जुन्या भौतिकशास्त्रात आणि दुसरा नव्यात, अशी स्थिती होती. ऊर्जा पुंजांच्या रूपात असते असे एकीकडे गृहीत धरायचे आणि दुसरीकडे प्रकाश म्हणजे अखंड तरंग मानून आकडेमोड करायची, ही तडजोड वर्गात शिकवताना बोस यांना खटकत होती. १९२४ च्या प्रारंभी मेघनाद साहा ढाक्याला आले असता दोघांची या विषयावर चर्चा झाली आणि बोस यांनी हा प्रश्न मुळापासून सोडवायचे ठरविले.

त्यांची युक्ती समजण्यास एक साधे उदाहरण पुरेसे आहे. दोन नाणी उडविली तर चार शक्यता असतात : दोन्ही छापे, दोन्ही काटे, पहिल्याचा छापा व दुसऱ्याचा काटा, आणि याच्या उलट. दोन्ही छापे पडण्याची शक्यता म्हणून एक चतुर्थांश. पण समजा ती नाणी इतकी सारखी आहेत की, पहिले कोणते आणि दुसरे कोणते हा प्रश्नच निरर्थक ठरावा. मग शेवटच्या दोन शक्यता एकच होतात. शक्यता उरतात तीन आणि दोन्ही छापे पडण्याचा संभव एक तृतीयांशावर जातो. रोजच्या व्यवहारातील नाणी असे कधीच करत नाहीत; प्रकाशाचे कण मात्र नेमके असेच वागतात. बोस यांनी प्रकाशाला कणांचा वायू मानले, हे कण एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत या रीतीने त्यांची मोजणी केली, आणि जुन्या तरंगसिद्धांताचा कोणताही आधार न घेता प्लँकचे सूत्र जसेच्या तसे हाती आले. एकसारखे कण एकाच अवस्थेत गर्दी करण्याकडे झुकतात, हा त्या मोजणीत दडलेला अर्थ होता. तो अर्थ किती दूरवर जाणार आहे, याची कल्पना तेव्हा खुद्द बोस यांनाही नव्हती.

इंग्लंडमधील एका नामांकित नियतकालिकाकडे हा निबंध आधी पाठविला होता. तेथे तो प्रसिद्ध झाला नाही. मग ४ जून १९२४ रोजी बोस यांनी निबंधाची प्रत थेट बर्लिनला अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याकडे धाडली. सोबतच्या पत्रात त्यांनी आपण पूर्णपणे अपरिचित असल्याचे नम्रपणे मान्य केले, निबंध योग्य वाटल्यास जर्मनमध्ये छापण्याची व्यवस्था करावी अशी विनंती केली आणि सापेक्षतेच्या निबंधांच्या अनुवादाची आठवणही करून दिली. वसाहतीतील एका नव्या विद्यापीठातील तिशीच्या अध्यापकाने जगातील सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञाला निबंधाचे भाषांतर करण्याची विनंती करणे, हे धारिष्ट्य लहान नव्हते.

आइन्स्टाइन यांनी निबंधाचे मोल तत्काळ ओळखले. त्यांनी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद केला, ही महत्त्वाची प्रगती असल्याचा शेरा जोडला आणि 'त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक' या नियतकालिकात तो त्याच वर्षी प्रसिद्ध करविला. अवघ्या चार पानांचा तो निबंध पुंजभौतिकीच्या इतिहासातील पायाभूत लेखनात गणला जातो.

भाकीत कोणाचे?

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण लोकप्रिय लेखनात ती अनेकदा धूसर होते. बोस यांनी मोजणीची नवी रीत दिली ती प्रकाशकणांसाठी. तीच रीत पदार्थाच्या अणूंना लावून पाहण्याचे पाऊल आइन्स्टाइन यांनी उचलले. जुलै १९२४ मध्ये त्यांनी प्रशियन अकादमीपुढे या विषयावरील पहिला निबंध सादर केला, आणि त्यानंतरच्या, १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात एक अजब निष्कर्ष मांडला. वायू पुरेसा थंड केला तर त्यातील अणूंचा मोठा भाग आपोआप सर्वांत खालच्या ऊर्जेच्या एकाच अवस्थेत जाऊन बसेल. अणूंमध्ये परस्पर आकर्षण नसले तरीही हे घडेल. हेच बोस-आइन्स्टाइन संघनन. म्हणजे बीज बोस यांचे आणि भाकीत आइन्स्टाइन यांचे. दोघांची नावे एकत्र जोडली गेली ती न्यायाने. त्यात कोणी कोणावर उपकार केले नाहीत.

या दोघांच्या नात्याला एक कमी सांगितली जाणारी बाजूही आहे. पहिल्या निबंधापाठोपाठ बोस यांनी जून १९२४ मध्येच दुसरा निबंध पाठविला. प्रकाश आणि पदार्थ यांच्यातील देवाणघेवाणीचा त्यात विचार होता. उत्तेजित अणूवर प्रकाश पडला की तो अणू त्याच प्रकारचा आणखी प्रकाश बाहेर टाकतो, ही 'उद्दीपित उत्सर्जना'ची कल्पना आइन्स्टाइन यांनी काही वर्षांपूर्वी मांडली होती. या कल्पनेवाचून काम भागू शकते, असे बोस यांचे प्रतिपादन होते. आइन्स्टाइन यांनी हाही निबंध जर्मनमध्ये छापून आणला; मात्र तो आपल्याला का पटत नाही, याची कारणे देणारी टीपही जोडली. काळाने कौल आइन्स्टाइन यांच्या बाजूने दिला. १९६० मध्ये पहिला लेझर तयार झाला तो उद्दीपित उत्सर्जनाच्याच तत्त्वावर. पहिल्या निबंधातील बोस यांचे म्हणणे प्रयोगाने सिद्ध होण्यासाठी पुढे लेझरच कामी यावा आणि तो लेझर दुसऱ्या निबंधातील त्यांच्या चुकीची साक्ष देणारा असावा, असा हा योग आहे.

आइन्स्टाइन यांच्याकडून आलेल्या पोस्टकार्डाने बोस यांचे आयुष्य बदलले. ते दाखविताच विद्यापीठाने दोन वर्षांची अभ्यासरजा मंजूर केली. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते पॅरिसला पोहोचले. मूळ बेत थोडे दिवस थांबून बर्लिनला जाण्याचा होता, पण मुक्काम वर्षभर लांबला. पॉल लांजव्हँ यांच्या ओळखीने ते मारी क्युरी यांना भेटले. काम करायचे तर आधी फ्रेंच शिकायला हवे, असे मादाम क्युरी समजावून सांगत राहिल्या आणि आपल्याला फ्रेंच येते हे सांगण्याचे धैर्य भिडस्त सत्येंद्रनाथांना झाले नाही. मोरीस द ब्रॉय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी क्ष-किरणांचे तंत्र शिकून घेतले.

१९२५ च्या शरदात ते बर्लिनला गेले तेव्हा भौतिकशास्त्राचे चित्र पालटू लागले होते. हायझेनबर्ग यांचे नवे पुंजयामिकी नुकतेच जन्मले होते. आइन्स्टाइन यांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले, ग्रंथालये आणि चर्चासत्रे खुली करून दिली, विचार करण्यासाठी प्रश्नही सुचविले. परंतु ज्या संयुक्त संशोधनाची आस धरून बोस गेले होते, ते घडले नाही. १९२६ मध्ये ते ढाक्याला परतले. प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. नसल्याचा अडसर होता. आइन्स्टाइन यांची शिफारस पाठीशी होती. १९२७ मध्ये ते प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाले.

न लिहिलेल्या निबंधांचे आयुष्य

त्यानंतरच्या सत्येंद्रनाथांविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे, तिसाव्या वर्षी जगाला चकित करणाऱ्या या माणसाने पुढे त्या तोडीचे काहीच केले नाही. युरोपातून परतल्यावर काही वर्षे तर त्यांच्या नावावर उल्लेखनीय निबंधच नाही. साऱ्या आयुष्यात त्यांनी लिहिलेले संशोधन निबंध मोजकेच. १९५० च्या दशकात आइन्स्टाइन यांच्या एकीकृत क्षेत्र सिद्धांतावर त्यांनी काही गणिती निबंध प्रसिद्ध केले, पण ज्या वाटेने ते गेले ती वाटच पुढे ओस पडली.

दुसरे मत त्यांच्या विद्यार्थ्यांचे आहे. निबंधांची संख्या हे या माणसाचे माप नव्हे, असे ते मानत. ढाक्यात बोस यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली आणि त्यासाठी लागणारी उपकरणे जमेल तेथे स्वतःच्या देखरेखीखाली घडवून घेतली. सिद्धांतापुरते मर्यादित न राहता ते रसायनशास्त्रातही शिरले. कोणीही, कोणत्याही विषयाची अडचण घेऊन यावे आणि प्राध्यापकांनी हातातले काम बाजूला सारून ती सोडवावी, हा त्यांचा शिरस्ता होता. उत्तर मिळाले की त्यांचा रस संपे. ते छापावे, त्यावर आपले नाव असावे, याची निकड त्यांना वाटत नसे. अशा वृत्तीने विद्यार्थी समृद्ध झाले, पण संशोधक बोस यांच्या खात्यात काही जमा झाले नाही. हा सौदा तोट्याचा की नफ्याचा, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

त्यांच्या आवडींनाही सीमा नव्हती. बंगाली, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच आणि संस्कृत साहित्यात ते रमत. एसराज हे तंतुवाद्य उत्तम वाजवीत. मित्रांच्या बैठकीत तासन्‌तास गप्पा रंगत. रवींद्रनाथ ठाकूर यांनी विज्ञानावरील आपले 'विश्वपरिचय' हे पुस्तक १९३७ मध्ये अर्पण केले ते सत्येंद्रनाथांनाच.

१९४५ मध्ये ढाक्याचा निरोप घेऊन ते कलकत्ता विद्यापीठात खैरा प्राध्यापक म्हणून आले. त्याच वर्षी पॅरिसमधील एका व्याख्यानात पॉल डिरॅक यांनी बोस यांच्या मोजणीप्रमाणे वागणाऱ्या कणांना 'बोसॉन' असे नाव दिले. विश्वातील सर्व मूलकण दोन गटांत विभागले जातात. एक बोसॉनचा आणि दुसरा फर्मी यांच्या नावाचा, फर्मिऑनचा. फर्मिऑन एकमेकांना आपल्या जागेत येऊ देत नाहीत. बोसॉन एकत्र दाटी करतात. डिरॅक १९५४ मध्ये सपत्नीक कलकत्त्यास आले असतानाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. पाहुण्यांना मोटारीच्या मागच्या आसनावर ऐसपैस बसवून बोस विद्यार्थ्यांसह पुढे कोंबून बसले. गर्दी होत नाही ना, अशी डिरॅक यांनी विचारणा करताच आपला बोस-सांख्यिकीवर विश्वास असल्याचे बोस यांनी हसत सांगितले.

स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९४८ मध्ये, बोस यांनी 'बंगीय विज्ञान परिषद' स्थापन केली आणि 'ज्ञान ओ विज्ञान' हे बंगाली मासिक सुरू केले. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. त्याच्या अठरा वर्षे आधीचा हा उद्योग. उच्च विज्ञान मातृभाषेत शिकविता येत नाही, हा आक्षेप त्यांना कधीच मान्य झाला नाही. दोष भाषेचा नसून शिकविणाऱ्याचा असतो, ही त्यांची धारणा होती आणि वर्गात सापेक्षता व पुंजसिद्धांत बंगालीत समजावून देऊन त्यांनी ती खरी करून दाखविली. ज्याने आइन्स्टाइन वाचण्यासाठी स्वतः परकी भाषा शिकली, त्याने पुढच्या पिढ्यांवर ती सक्ती नको म्हणून उतारवय खर्ची घातले.

मानसन्मान यथाकाल येत गेले. १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती, १९५४ मध्ये पद्मविभूषण, १९५६ मध्ये विश्वभारतीचे कुलगुरुपद, १९५८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि त्यानंतर राष्ट्रीय प्राध्यापकपद. शांतिनिकेतनात विज्ञानाच्या शिक्षणाला बळ देण्याच्या त्यांच्या प्रयत्नांना विरोध झाला आणि ते फार काळ तेथे राहिले नाहीत. नोबेल पारितोषिकासाठी १९५६ ते १९६२ या काळात भारतीय शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव सुचविले होते, पण समितीने ते स्वीकारले नाही. जानेवारी १९७४ मध्ये त्यांनी ऐंशी वर्षे पूर्ण केली तेव्हा कलकत्त्यात देशोदेशीचे शास्त्रज्ञ त्यांच्या सन्मानार्थ जमले. त्यानंतर महिनाभरातच, ४ फेब्रुवारी १९७४ रोजी, त्यांची प्राणज्योत मालवली.

प्रकाशाने आणलेली थंडी

बोस यांच्या हयातीत संघननाचे भाकीत बहुतांशी कागदावरच राहिले. प्रारंभी अनेकांनी ते गणितातील चमत्कार म्हणून बाजूला सारले. १९३८ मध्ये द्रवरूप हेलियम विशिष्ट तापमानाखाली कसलेही घर्षण नसल्यासारखा वाहतो असे दिसून आले, तेव्हा फ्रिट्झ लंडन यांनी त्याचा संबंध बोस-आइन्स्टाइन संघननाशी जोडला. पण द्रवातील अणू एकमेकांना सतत खेटून असतात. भाकीत शुद्ध रूपात पाहायचे तर विरळ वायूच हवा होता, आणि तो गोठून घन होण्याआधी कल्पनातीत थंड करणे आवश्यक होते.

प्रकाशाने वस्तू तापते हा रोजचा अनुभव. त्याच प्रकाशाने अणू थंड करता येतील, अशी सूचना १९७५ मध्ये, म्हणजे बोस यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, दोन संशोधक जोड्यांनी स्वतंत्रपणे केली. थिओडोर हेन्श व आर्थर शॉलो ही एक, आणि डेव्हिड वाइनलँड व हान्स डेमेल्ट ही दुसरी. वायूचे तापमान म्हणजे त्यातील अणूंच्या धावपळीचे माप. अणूंचा वेग कमी केला की वायू थंड होतो. फलाटाकडे येणाऱ्या गाडीची शिट्टी जशी अधिक चढ्या स्वरात ऐकू येते, तसा समोरून येणारा प्रकाश धावत्या अणूला अधिक वारंवारतेचा भासतो. लेझरची वारंवारता अणूला हवी त्याहून किंचित कमी ठेवली, तर लेझरच्या दिशेने धावणाऱ्या अणूलाच तो प्रकाश अनुरूप वाटतो आणि तोच अणू तो शोषून घेतो. प्रत्येक प्रकाशकणागणिक अणूला समोरून इवलासा धक्का बसतो. एका धक्क्याने सोडियमच्या अणूचा वेग सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटरने घटतो. पण असे हजारो धक्के क्षणार्धात बसले की सेकंदाला शेकडो मीटर धावणारा अणू रांगू लागतो.

१९८५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू यांनी सहा दिशांनी सोडलेल्या लेझर झोतांच्या संगमावर सोडियमचे अणू असे जखडले की ते काकवीत अडकल्यासारखे संथ झाले. तापमान होते निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचे सुमारे २४० दशलक्षांश. सिद्धांतानुसार या पद्धतीची हीच सीमा होती. मात्र १९८८ मध्ये विल्यम फिलिप्स यांच्या मोजणीत तापमान ४० दशलक्षांशांच्या आसपास निघाले. सिद्धांत सांगतो त्याहून निसर्ग उदार निघावा, हा अनुभव विरळा. पॅरिसमधील क्लोद कोएन-तानुजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मर्म उलगडले. प्रकाशाच्या चढ-उतारांत अणू पुनःपुन्हा चढच चढत राहतो आणि दमत जातो. शिळा डोंगरावर ढकलत राहण्याची शिक्षा झालेल्या ग्रीक पुराणातील सिसिफसचे नाव या प्रक्रियेला मिळाले. या तिघांना १९९७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

तरीही संघननासाठी ही थंडी अपुरी होती. शेवटचा टप्पा ज्या तत्त्वाने गाठला गेला, ते प्रत्येक घरात रोज वापरले जाते. बशीत ओतलेल्या चहातून सर्वांत तापलेले रेणू वाफ होऊन निघून जातात आणि उरलेला चहा निवतो. कॉर्नेल आणि वीमन यांनी लेझरने थंड केलेले अणू चुंबकीय सापळ्यात धरले, लेझर बंद केले आणि सर्वांत चपळ अणूंना निसटू दिले. एका अंशाच्या १७० अब्जांशांपर्यंत तापमान उतरताच संघनन सुरू झाले. काही महिन्यांतच मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमच्या कितीतरी अधिक अणूंचे संघनन साधले आणि पुढे अशा दोन ढगांमधील तरंगांचे पट्टे छायाचित्रात टिपले. पदार्थाचा तरंगगुण त्यात डोळ्यांनी दिसत होता. २००१ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

त्यानंतर या क्षेत्राला उधाण आले. २००३ मध्ये डेबोरा जिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परस्परांना टाळणाऱ्या फर्मिऑन अणूंच्या जोड्या जुळवून त्यांचेही संघनन घडविले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील प्रयोगशाळेत, पृथ्वीभोवती फिरताना, अशी अवस्था निर्माण करण्यात आली. भारतातही हे तंत्र रुजले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या 'आयसर'मध्ये रुबिडियमच्या अणूंचे संघनन घडवून त्यावर संशोधन झाले आहे. ज्या शहरांतील वाचकांना बोस हे नाव पाठ्यपुस्तकातील एका ओळीपुरते ठाऊक असते, त्याच शहरांत त्यांच्या मोजणीचा पडताळा घेतला गेला.

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या 'सर्न'ने हिग्ज बोसॉनसदृश कण सापडल्याचे जाहीर केले तेव्हा वृत्तपत्रांतून बोस हे नाव पुन्हा झळकले आणि त्यांना नोबेल का मिळाले नाही, ही हळहळही नव्याने व्यक्त झाली. बोस यांनी घातलेल्या पायावर काम करणाऱ्या अनेकांना ते पारितोषिक मिळाले, हे खरे. स्वतः सत्येंद्रनाथांनी मात्र त्याची खंत उराशी बाळगल्याचे त्यांच्या आयुष्यक्रमात कोठे दिसत नाही. त्यांना उलगडून दाखविण्यात आनंद होता. मालकी सांगण्यात नव्हता. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कणांचाही स्वभाव तसाच आहे. तेथे पहिला कोण आणि दुसरा कोण, हा प्रश्नच उरत नाही.